चार बोटं उंच

बाईंनी गुडघे टेकले आणि स्टुलाला वीत लावली. जमिनीपासून गादीपर्यंत दोन विती, आणि वर चार बोटं.

काल सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून ते बरोबर दोन वितींवर आणून ठेवलं होतं. परवाही आणलं होतं. त्याच्या आदल्या दिवशीही. आणि रोज सकाळी झाडायला म्हणून खोलीचं कुलूप काढावं, तर स्टूल आपलं पुन्हा चार बोटं वर. स्टूल आपोआप वाढत नसतं. आपोआप वाढतात ती नखं आणि लोकांच्या जिभा.

"कुणीतरी बसतंय तुझ्यापुढे," बाई ड्रमला म्हणाल्या. ड्रमवर जाड चादर घातलेली होती, हुडहुडी भरलेल्या माणसावर घालतात तशी. तो काय बोलणार!

ड्रम वाजवायचे ते जावई. वीस वर्षं थोरल्याच्या बँडमध्ये तेच वाजवत आलेले. आणि जावयांचे पाय किती लांब आहेत हे बाईंना जितकं ठाऊक होतं तितकं खुद्द जावयांनाही नसेल, कारण त्यांची प्रत्येक पँट खालून दुमडून टाके घालायचं काम बाईंकडेच होतं. चार बोटं उंच स्टुलावर ते बसले असते तर पाळण्यातल्या पोरासारखे त्यांचे पाय लोंबकळले असते. म्हणजे बसणारा दुसराच कुणीतरी. लांब टांगांचा. आणि तो दुपारी येतो, वाजवतो आणि जातो, हे घरात सगळ्यांना माहीत असून बाईंनाच तेवढं माहीत नाही. पाणी मुरत होतं कुठेतरी.

भिंतीवर नवा कागद चिकटवलेला होता. बाईंची शाळा दुसरीत संपली होती. पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरच्या खुणा वाचण्यात झालं. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर सोडवलं. 'ड्रमला व स्टुलाला कोणीही हात लावू नये.'

"कोणीही," बाई म्हणाल्या. "माझ्या बॉयलरघरात मीच कोणीही."

त्यांनी स्क्रू धरला आणि स्टूल गच्च पिळून खाली आणलं. दोन विती. बोटं शून्य.

ती खोली म्हणजे लाँड्रीचं जुनं बॉयलरघर. भिंती हातभर जाड. बारा वर्षांपूर्वी बॉयलर भंगारात गेला आणि पुढच्या दुकानात विजेचा छोटा आला, तेव्हा थोरल्याने ही जागा मागून घेतली आणि तिथे रेकॉर्डिंगची खोली केली. बाईंनी जागा दिली, चावी दिली नाही. सकाळी उघडणार त्या, झाडणार त्या, संध्याकाळी कुलूप लावणार त्या. त्या बॉयलरच्या तोंडात त्यांनी तीस वर्षं सरपण घातलं होतं. कोळसा, खोकी, मोडक्या खुर्च्या, आणि एकदा तर... जाऊ दे. खाल्लं त्याने, मिळेल ते.

थोरला म्हणजे बाईंचा मुलगा. गिटार वाजवायचा आणि ओरडायचा. वीस वर्षं ओरडला. गावोगावच्या भिंतींवर त्याची पोस्टरं लागत, आणि प्रत्येक पोस्टरवर त्याचं तोंड उघडं. यंदा मात्र त्याच्या मनाने घेतलं की आता ओरडणं पुरे. पुढचा अल्बम सोलचा.

"सोल म्हणजे?" बाईंनी विचारलं होतं.

"आत्मा, आई."

"मग इतकी वर्षं काय बुटाचा वाजवत होतास?"

तो हसला होता, पण मग खाली बसून त्याने नीट समजावलं होतं. सोसलेल्या माणसांचं गाणं आहे ते. काळ्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून, सोसून ते तयार केलंय. मागे ऑर्गन असतो, तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं असतात, तिघी जणी गाणाऱ्याला उत्तर देतात. आणि ठोका घाईने मारायचा नसतो. जरा मागे रेलून मारायचा. हे त्यांच्याकडून शिकायचंय, उचलायचं नाही, असंही तो म्हणाला. बाईंना तेवढं आवडलं. पोराला चाळिशी उलटल्यावर का होईना, शिकायचं सुचलं.

मग त्याने तो माणूस आणला. रेकॉर्डिंग करणारा. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा. बोलायचा कमी आणि ऐकायचा फार. ऐकताना दोन्ही डोळे मिटून घ्यायचा. बँडवाल्यांनी त्याचं नाव कानसेन पाडलं होतं. बाईंचा डोळे मिटून ऐकणाऱ्यांवर भरवसा नव्हता. मांजरसुद्धा डोळे मिटूनच दूध पितं.

पहिल्याच दिवशी बाई चहाचे कप गोळा करत होत्या, तेव्हा दाराआडून त्यांच्या कानावर आलं.

"हात पक्का आहे," कानसेन थोरल्याला सांगत होता. "पण हा माणूस गाण्याच्या पुढे पळतो. याला मागे बसता येत नाही."

थोरला काहीच बोलला नाही. बाईंना त्या बोलण्यापेक्षा हे न बोलणंच जास्त लागलं.

कारण त्यांना बँडच्या जुन्या बास गिटारवाल्याचं ठाऊक होतं. फार वर्षं झाली. तेव्हाच्या कंपनीने त्याच्या पाठीमागे दुसऱ्याकडून वाजवून घेतलं आणि कव्हरवर नाव ठेवलं याचंच. बिचाऱ्याने कॅसेट विकत आणली, मशीनमध्ये घातली आणि त्याला कळलं की आपण यात नाहीच. याच लाँड्रीत, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसून तो गडी रडला होता. त्यानंतर त्याने बासला हात लावला नाही.

जावयांचं तसं झालं तर? थट्टेखोर माणूस, सगळ्यांना हसवणारा. पण असल्या माणसाचं एकच काहीतरी असतं, आणि तेच काढून घेतलं की मागे नुसती थट्टा उरते. त्या थट्टेबरोबर आपल्या मुलीला जन्म काढावा लागेल, हे बाईंना दिसत होतं. धाकटीचं तोंड आताशा बंदच असायचं. बोलवलं की यायची, सांगितलं की करायची. दुपारी दोनला गाडीची किल्ली घेऊन हॉटेलच्या चादरी पोचवायला जायची ती पाचला परत.

अकरा वाजता सगळे चहाला जमत. कपड्यांच्या घड्या घालायचं लांब टेबल त्यासाठी मोकळं करायचं, हा शिरस्ता होता. थोरला, कानसेन, जावई आणि धाकटी. बाई उभ्याच राहत. उभ्या माणसाला जास्त दिसतं.

"जावईबापू," बाईंनी कप पुढे केला. "तुमचं ते स्टूल बरं आहे ना? बसायला?"

जावयांचा हात कपाच्या कानाशीच थांबला.

"उत्तम आहे आई. सिंहासन आहे."

"नाही म्हटलं, उंच तर होत नाही?"

"मला या जगात सगळंच उंच होतं," जावई म्हणाले. "म्हणून तर तुमची मुलगी केली."

हसले सगळे. ही घरातली जुनीच थट्टा. धाकटी बापाच्या वळणावर गेलेली, ताडमाड. लग्नाच्या फोटोत जावयांच्या पायाखाली दोन विटा होत्या. पण आज धाकटी हसली नाही. तिच्या बशीत चहा सांडला.

"स्टुलाचं काय?" कानसेनने डोळे उघडले. "रोज कुणीतरी ते हलवतंय. बाई, माइक लावून ठेवलेले असतात, एक बोटभर हललं तरी आवाज बदलतो. खोलीत रात्री कुणी जातं का?"

"चावी माझ्याकडे असते," बाई म्हणाल्या. "मी काही रात्री उठून ड्रम बडवत नाही."

"तसं नाही म्हटलं."

"मग कसं म्हटलंत? पाहुणे, चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका. दिवसा कोण जातं ते आधी बघा."

थोरला चमच्याने नसलेली साखर ढवळत होता. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहून घेतलं. शर्टाची कॉलर बघितली की माणूस कळतो, असा त्यांचा दावा होता. आणि या घडीला चौघांच्या कॉलरी आतून मळलेल्या होत्या.

धाकटी बशी पुसायला पुढे झुकली, तेव्हा बाईंना तिचा तळवा दिसला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये फोड आलेला, फुटलेला.

"हे काय?"

"इस्त्री लागली."

चाळीस वर्षांत इस्त्रीने बाईंना कुठे कुठे चटके दिले नव्हते! मनगटाला, कोपराला, एकदा गालालाही. पण या जागी इस्त्रीचा चटका बसत नाही. या जागी काहीतरी धरून धरून सोलवटतं. हॉटेलातले लोक पोरीकडून ओझी उचलून घेतात की काय, एवढंच त्यांच्या मनात आलं. संशय सगळा कानसेनच्या मिशांत अडकला होता. दुसरीकडे वळायला त्याला फुरसत नव्हती.

दोन वाजता धाकटीने खिळ्यावरची किल्ली घेतली. गाडी निघाल्याचा आवाज आला. मागच्या अंगणातून पावलं बॉयलरघरात गेली, दार लागलं. बाई प्रेस मशीनवर उभ्या राहिल्या.

अडीचला फोन वाजला. हॉटेलच्या कपड्यांच्या खोलीतला माणूस होता. बारा वर्षांचा जुना संबंध, पण आवाजात नाराजी.

"बाई, उशांचे अभ्रे भलत्याच हॉटेलचे आलेत आमच्याकडे. आमची खूण दोन रेघांची ना? हे फुलीवाले आहेत."

"असं होणार नाही. माझी मुलगी खुणा चुकत नाही."

"मुलीचं कोण म्हणतंय? ती होती तेव्हा कधी झालं नाही. दोन आठवडे झाले, तुमचे जावईच येतात की. माणूस गोड आहे हो, आम्हाला हसवून हसवून मारतो. पण रेघ आणि फुली त्याला सारखीच दिसते. इथेच आहेत ते, गठ्ठे उतरवतायत. देऊ का फोन?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे ड्रम वाजत होता.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, सावकाश या."

त्यांनी फोन ठेवला. बाईंचा राग थंड होता. तापलं की लोखंड लाल होतं, पण पांढरं झालं की मग बोलायचं नाही. तर असं होतं सगळं. आपल्या जावयाला हमालासारखं गठ्ठे उचलायला पाठवायचं, आणि त्याच्या जागेवर, त्याच्या ड्रमवर, आपल्याच बॉयलरघरात कुणी लांब टांगांचा आणून बसवायचा. आणि धाकटी? ती बसली असेल गाडीत नवऱ्याच्या शेजारी, त्याची समजूत घालत. आईला सांगू नका म्हणत. आणि पोटच्या पोराने, थोरल्याने, हे सगळं चालू दिलं.

त्या मधल्या बोळात गेल्या. बॉयलरघराचं दार बोळाच्या टोकाला होतं, आणि दाराच्या अलीकडे भिंतीवर सगळ्या इमारतीचा मेन स्विच. दार ठोठावलं तर आतला मागच्या अंगणातून पळाला असता. स्विच पाडला की सगळंच पडतं. माइक, मशीन, आज सकाळपासून केलेलं जे काही असेल ते. थोरला परवाच सांगत होता, शेवटचं गाणं आहे, हेच सगळ्यांत अवघड, एका दमात घ्यायचंय. घ्या म्हणावं.

बाईंनी स्विचच्या लाकडी मुठीवर हात ठेवला.

बोळात प्रेस मशीनचा फुत्कार नव्हता. इतके दिवस त्या ड्रमचा आवाज त्या फुत्कारातूनच ऐकत होत्या, नुसता धप धप. इथे कापून टाकलेली वाफेची नळी भिंतीतून बाहेर डोकावत होती, आणि तिच्यातून आवाज कसा सरळ, आतल्याइतका येत होता. ऑर्गन लांबवर. थोरल्याचा आवाज, न ओरडलेला. त्याला तसं गाता येतं हे बाईंना माहीतच नव्हतं. आणि खाली ड्रम.

ठोका पडायला पाहिजे त्या जागी पडत नव्हता. एक श्वास मागे राहत होता, आणि मग पडत होता. पडला की वाटायचं, इथेच पडायला हवा होता.

बाईंचा उजवा पाय हलला. त्यांनी हलवला नव्हता. चपलेतला पाय आपणहून खाली दाबला गेला, थांबला आणि सुटला. पुन्हा दाबला गेला. थांबला. सुटला.

पायडल दाबायचं, मशीनचा जबडा खाली येतो. वाफ सुटते. मग थांबायचं. लवकर उचललं तर कापड दमट राहतं, उशीर केला तर कापडाला चकाकी येते आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मधला जो श्वास असतो तो घड्याळात नसतो आणि सांगून कळत नाही. बाईंनी तो उभ्या जन्मात एकाच माणसाला शिकवला होता. चौदा वर्षांच्या पोरीच्या मागे उभं राहून, तिच्या खांद्यावर हात ठेवून. दाब. थांब. थांब गं, कुठे आग लागलीय? आता सोड.

आतला ठोका थांबला, थांबला आणि सुटला.

बाईंनी मुठीवरचा हात काढला. हाताला वंगण लागलं होतं, ते त्यांनी ॲप्रनला पुसलं. दार उघडून पाहिलं नाही. दाराच्या फटीलाही डोळा लावला नाही. बोळातून परत आल्या, प्रेसवर उभ्या राहिल्या आणि मशीन मात्र चालू केलं नाही. गाणं संपेपर्यंत गिऱ्हाइकाचा शर्ट मशीनच्या आ वासलेल्या जबड्यात तसाच.

पाचला जावई पुढच्या दाराने आले. काखेत ड्रमच्या काठ्यांची पिशवी.

"दमलात?" बाईंनी विचारलं.

"फार, आई. आज जीव काढला त्या कानसेनने. हात भरून आलेत."

"येणारच. बाहीला टॉवेलची लव लागलीय तुमच्या."

जावयांनी बाही पाहिली. झटकायला हात उचलला आणि झटकली नाही. काठ्यांची पिशवी टेबलावर ठेवून ते समोरच्या बाकावर बसले. पाय जमिनीला जेमतेम टेकले.

"हॉटेलातून फोन आला होता?"

"रेघेला रेघ म्हणतात आणि फुलीला फुली, जावईबापू. एवढं शिकून घ्या." बाईंनी शर्टाची बाही ताणली. "कुणी उठवलं तुम्हाला तिथून? त्या मिशीवाल्याने?"

"कुणी नाही. मीच उठलो." थट्टा शोधत असावेत, सापडली नाही. "नऊ दिवस बसलो होतो, आई. जमेचना. वीस वर्षं पुढे पळालो, आता मागे बसायचं कसं? एक दिवस ती डबा द्यायला आली. मी म्हटलं, जरा बस, मी पाणी पिऊन येतो. पाणी पिऊन आलो तर कानसेन डोळे उघडे ठेवून ऐकत होता. त्या माणसाला मी तसं कधी पाहिलं नाही."

"आणि मला का नाही सांगितलं कुणी?"

"मी म्हणत होतो. थोरलाही म्हणत होता. ती नको म्हणाली."

"का?"

जावई बाहीवरचा एकेक धागा उचलू लागले.

"म्हणाली, आईने पुन्हा बॉयलर पेटवला तर?"

बाईंनी इस्त्री केलेला शर्ट पुन्हा झटकला, पुन्हा टेबलावर पसरला. सोळा वर्षांची पोर, साबणाचे पालथे डबे आणि थोरल्याच्या एका बुटक्या मित्राने दिलेल्या दोन काठ्या. गिऱ्हाईक दारात उभं असायचं आणि हिच्या काठ्या डब्यांवर. एक पोर गाण्यात गेलं होतं. दुसरंही गेलं तर शर्ट कोण करणार? काठ्या चांगल्या वाळलेल्या होत्या, बॉयलरच्या तोंडात त्यांनी लगेच पेट घेतला. पोरगी रडली नाही. त्या दिवशी तिने सत्तर शर्ट केले, आणि एकालाही चकाकी आली नाही. बाईंनी शेजारपाजारी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

"बॉयलर भंगारात जाऊन बारा वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

"तिला माहीत आहे."

बाहेर मागच्या अंगणात कुणीतरी नळाखाली हात धूत होतं. बराच वेळ धूत होतं.

"आणि कव्हरवर?" बाईंनी हळू विचारलं. "ड्रमपुढे नाव कुणाचं?"

"माझंच. तिचीच अट आहे तशी. परवा छापायला जायचंय सगळं." जावई उठले. "मी खूप भांडलो, आई. तुमची मुलगी आहे. कुणाचं ऐकते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बॉयलरघराचं कुलूप काढलं. झाडून घेतलं. मग गुडघे टेकले आणि स्टुलाला वीत लावली. दोन विती, चार बोटं.

ॲप्रनच्या खिशातून त्यांनी खुणेच्या शाईची बाटली काढली. ही शाई सोड्याने जात नाही, उकळत्या पाण्याने जात नाही. कापड फाटतं, खूण राहते. स्टुलाच्या दांड्याला स्क्रूपाशी वंगण होतं, ते फडक्याने कोरडं पुसलं. घरातल्या प्रत्येकाच्या कपड्यांना लाँड्रीची वेगळी खूण होती. थोरल्याची चांदणी. धाकटीची एक आडवी रेघ आणि खाली तीन ठिपके. लग्न झाल्यापासून तिचे कपडे जावयांच्या खुणेत जाऊ लागले आणि ती रेघ, ते ठिपके त्यानंतर कुणी काढले नव्हते. बाईंना वाटलं होतं हात विसरला असेल. विसरला नव्हता. त्यांनी रेघ काढली, स्क्रूच्या अगदी वर, जिथे स्टूल आता होतं तिथे. खाली तीन ठिपके. वाळेपर्यंत फुंकर घातली.

उठताना भिंतीवरच्या कागदाला धक्का लागून त्याचा कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने परत दाबून बसवला.

अकराला चहा झाला. बाईंनी कानसेनसमोर स्वतः साखरेचा डबा ठेवला. तो आल्यापासून पहिल्यांदाच. त्याने डब्याकडे असं पाहिलं की आत काय कालवलंय कुणास ठाऊक.

"घ्या हो पाहुणे. साखरच आहे."

"बाई," तो जपून म्हणाला, "ते स्टूल..."

"आज नाही हलवलं."

थोरल्याने मान वर केली. जावयांनी खाली घातली. धाकटी कपात पाहत होती. तिच्या कपात पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"नावं उद्या छापायला जाणार ना?" बाई थोरल्याला म्हणाल्या. "मला त्यातलं कळत नाही. आमच्या धंद्यात कपडा आधी खुणेचा करतात, मग पाण्यात टाकतात. खूण चुकली की माल भलत्याच्या अंगावर जातो. मग त्याला तो ढगळ होतो, आणि ज्याचा असतो तो थंडीत उघडा."

"आई..." थोरला म्हणाला.

"चहा पी. निवतोय."

दोन वाजता खिळ्यावरची किल्ली गेली. गाडी निघाली. मागच्या अंगणातून पावलं गेली, दार लागलं. बाईंनी प्रेसवर शर्ट पसरला, कॉलर सरळ केली आणि पायडलवर पाय ठेवला. दाबला नाही. बोळाचं दार त्यांनी आज उघडंच ठेवलं होतं.

गाणं सुरू करताना काठीवर काठी चारदा वाजते, मग पहिला ठोका, हे त्यांना आता कळत होतं. काठ्या वाजल्या नाहीत. थोरल्याचा आवाज आला, काहीतरी विचारत असावा. उत्तर आलं नाही. स्टूल जरासं करकरलं, कुणीतरी खाली वाकून पाहावं आणि वाकलेलंच राहावं तसं. रस्त्यावरून एक सायकल गेली. बाईंच्या अंगठ्याला शाई लागली होती, आठवडाभर जाणार नव्हती. त्यांनी तो मुठीत घेतला.

मग काठ्या चारदा वाजल्या. आणि त्यानंतर काहीच नाही. एक श्वास. त्याहूनही किंचित जास्त.

"थांब," बाई पुटपुटल्या. "कुठे आग लागलीय?"

ठोका पडला, आणि बाईंनी पायडल दाबलं.